वालशार्ट व्हॉल्व्ह गिअर शिकताना: दोन हालचाली वेगळ्या ओळखा

वाफेच्या इंजिनाच्या बाजूला उभं राहिलं की सिलिंडरच्या मागे, चाकांच्या वर सात-आठ दांड्यांचं जाळं दिसतं. इंजिन हललं की सगळं एकदम हलायला लागतं आणि नवख्याची नजर कुठेच ठरत नाही. त्यातली जाड कनेक्टिंग रॉड आणि चाकं एकमेकांना बांधणारी कपलिंग रॉड बाजूला ठेवा. त्या ताकद पोचवतात. उरलेलं जाळं म्हणजे व्हॉल्व्ह गिअर. वाफ सिलिंडरच्या कुठल्या टोकाला कधी सोडायची, कधी बंद करायची आणि वापरलेली वाफ कधी बाहेर काढायची, एवढंच ते ठरवतं.

भारतात ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी डिसेंबर १९९५ मध्ये थांबली. त्यानंतर हे काम हाताने शिकायला मिळेल अशा जागा मोजक्याच उरल्या: रेवाडीचं शेड, दार्जिलिंग, निलगिरी, आणि अधूनमधून खास गाडीसाठी तयार होणारं एखादं इंजिन. उभी इंजिनं पाहून शिकायचं तर महाराष्ट्रात नागपूरचं मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय आहे. शेडमध्ये हेल्पर किंवा फिटर म्हणून नव्याने लागलेल्यांसाठी, डिप्लोमाच्या मुलांसाठी आणि चालतं मॉडेल करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. आधार घेतला आहे तो डब्ल्यूपी, डब्ल्यूजी, वायपी, वायजी या आपल्याकडच्या स्टँडर्ड इंजिनांवरच्या रचनेचा: बाहेर दिसणारं वालशार्ट गिअर आणि आतून वाफ घेणारा पिस्टन व्हॉल्व्ह.

सुरुवात दांड्यांपासून करू नका. आधी व्हॉल्व्ह समजून घ्या.

पिस्टन व्हॉल्व्ह म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन डोकी, थेट व्यायामाच्या डंबेलसारखी. तो सिलिंडरच्या डोक्यावरच्या स्टीम चेस्टमध्ये, म्हणजे वाफेच्या पेटीत, मागेपुढे सरकतो. चेस्टच्या लायनरला (आतल्या नळकांड्याला) दोन पोर्ट, म्हणजे वाफेच्या खिडक्या, असतात, एक सिलिंडरच्या पुढच्या टोकाला जाणारा, एक मागच्या. बॉयलरची ताजी वाफ दोन डोक्यांच्या मधल्या जागेत येते आणि वापरलेली वाफ डोक्यांच्या बाहेरच्या बाजूने धुराड्याखालच्या ब्लास्ट पाइपकडे जाते. याला इनसाइड अॅडमिशन म्हणतात. फायदा सरळ आहे: व्हॉल्व्ह स्पिंडल (व्हॉल्व्हचा दांडा) जिथून बाहेर येतो त्या ग्लँडवर बॉयलरचा दाब येत नाही, फक्त एक्झॉस्टचा, म्हणजे वापरलेल्या वाफेचा, येतो, म्हणून पॅकिंग टिकतं. जुन्या सपाट स्लाइड व्हॉल्व्हमध्ये हे उलटं असतं, ताजी वाफ बाहेरून येते. हा फरक डोक्यात पक्का ठेवा. पुस्तकातलं चित्र एका प्रकाराचं आणि समोरचं इंजिन दुसऱ्या प्रकाराचं, यातून नवख्यांचा जितका गोंधळ होतो तितका दुसऱ्या कशातून होत नाही.

आता व्हॉल्व्ह बरोब्बर मधोमध आहे असं धरा. डोक्याची आतली कड पोर्टच्या आतल्या कडेला नुसती टेकत नाही, ती पोर्टवर चढून आत गेलेली असते. जितकी चढलेली, तितका लॅप. लॅप नसता तर वाफ पिस्टनच्या पूर्ण धावेभर आत येत राहिली असती आणि तिला प्रसरणाने काम करायला जागाच उरली नसती. पाणी आणि कोळसा दोन्ही उधळले गेले असते. लॅपमुळे वाफ मध्येच तोडता येते. धावेच्या किती टक्क्यांवर तोडली, तो कट-ऑफ. दुसरा शब्द लीड. पिस्टन टोकाला, म्हणजे डेड सेंटरला पोचतो तेव्हा पोर्ट आधीच थोडा उघडलेला हवा, म्हणजे वाफेची उशी पिस्टनला झेलते आणि धाव सुरू होताच दाब तयार असतो. ती उघडीक म्हणजे लीड.

म्हणजे डेड सेंटरला व्हॉल्व्ह मध्यापासून लॅप अधिक लीड इतका सरकलेला हवा. हे एक वाक्य पाठ करा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

दोन हालचाली

बेल्जियन रेल्वेत फोरमन असलेल्या एगीद वालशार्टने १८४४ मध्ये ही रचना केली. पेटंट मात्र फिशर नावाच्या इंजिनिअरच्या नावाने निघालं. जर्मन पुस्तकांत हीच रचना हॉइझिंगरच्या नावाने सापडेल. त्यानेही ती स्वतंत्रपणे शोधली होती. तिची खुबी अशी की व्हॉल्व्हची हालचाल दोन वेगळ्या ठिकाणांहून येते आणि एका दांडीवर तिची बेरीज होते.

पहिली हालचाल क्रॉसहेडकडून, म्हणजे पिस्टन रॉड आणि कनेक्टिंग रॉड जिथे जुळतात त्या सरकत्या ठोकळ्याकडून. क्रॉसहेडला छोटी युनियन लिंक, तिला उभ्या कॉम्बिनेशन लिव्हरचं खालचं टोक. क्रॉसहेड पुढेमागे गेला की लिव्हर डोलतो आणि व्हॉल्व्हला बरोबर लॅप अधिक लीड इतकं दोन्हीकडे हलवतो. रिव्हर्सर (ड्रायव्हरच्या हातातलं, दिशा आणि कट-ऑफ ठरवणारं साधन) कुठेही ठेवा, यात काडीचाही फरक पडत नाही.

दुसरी हालचाल चाकाकडून. मुख्य क्रँक पिनवर आडवा बसवलेला रिटर्न क्रँक, त्याच्यापासून एक्सेंट्रिक रॉड, ती मधल्या खुंटीवर झोके घेणाऱ्या वाकड्या एक्स्पान्शन लिंकच्या पायाला जोडलेली. लिंकच्या खाचेत डाय ब्लॉक, डाय ब्लॉकला रेडियस रॉड, आणि रेडियस रॉडचं पुढचं टोक कॉम्बिनेशन लिव्हरच्या माथ्याला. ड्रायव्हर रिव्हर्सर फिरवतो तेव्हा डाय ब्लॉक खाचेत वर-खाली होतो. खुंटीपाशी असेल तर या बाजूने व्हॉल्व्ह अजिबात हलत नाही. खालच्या टोकाला असेल तर पूर्ण हलतो आणि इंजिन पुढे जातं. वरच्या टोकाला असेल तर हालचाल उलटते आणि इंजिन मागे जातं.

पुढे जाताना ब्लॉक खाली ठेवायचं कारण निव्वळ यांत्रिक आहे. एक्सेंट्रिक रॉड आणि डाय ब्लॉक खुंटीच्या एकाच बाजूला असले की खुंटीवर दोन बलांचा फरक येतो. विरुद्ध बाजूंना असले की बेरीज येते. इंजिनाचं बहुतेक आयुष्य पुढे धावण्यात जातं, तेव्हा कमी झीज तिकडे.

इनसाइड अॅडमिशनमध्ये रेडियस रॉडची पिन कॉम्बिनेशन लिव्हरच्या माथ्यावर आणि व्हॉल्व्ह स्पिंडलची पिन तिच्या खाली असते. पुढे जाताना रिटर्न क्रँक मुख्य क्रँकच्या ९० अंश मागून येतो. आउटसाइड अॅडमिशन असेल तर दोन्ही उलट: स्पिंडल वर, आणि रिटर्न क्रँक ९० अंश पुढे. अनोळखी इंजिनापाशी गेलात तर आधी कॉम्बिनेशन लिव्हरच्या वरच्या दोन पिना बघा. कुठला व्हॉल्व्ह आहे ते झाकण न उघडता कळतं.

आणखी एक सावधगिरी. १८४२ च्या स्टीफन्सन गिअरमध्ये, म्हणजे वालशार्टच्या आधीच्या दोन एक्सेंट्रिक रॉडच्या रचनेत, लीड कट-ऑफबरोबर बदलतं. रॉड उघड्या बसवलेल्या असतील तर कट-ऑफ कमी करताना वाढतं, तिरक्या ओलांडलेल्या असतील तर घटतं. वालशार्टमध्ये लीड कायम राहतं. जुन्या इंग्रजी पुस्तकांतले सेटिंगचे नियम पुष्कळदा स्टीफन्सनचे असतात. ते इथे लावू नका.

आकडे मांडून बघा

कागद घ्या. इंजिनाची धाव ७११ मिमी, म्हणजे डब्ल्यूपीची २८ इंच. लॅप ३८ मिमी, लीड ६ मिमी आणि पूर्ण गिअरमध्ये (डाय ब्लॉक खाचेच्या टोकाला असताना) व्हॉल्व्हचा प्रवास १६० मिमी धरू. हे तीन आकडे हिशेबासाठी घेतले आहेत. तुमच्या इंजिनाचे ड्रॉइंगवरून घ्या.

क्रॉसहेडकडून येणारा भाग ३८ अधिक ६, म्हणजे ४४ मिमी. क्रॉसहेड मध्यापासून ३५५.५ मिमी जातो. म्हणून कॉम्बिनेशन लिव्हरचं प्रमाण ४४ भागिले ३५५.५, साधारण ०.१२४. वरच्या पिनपासून खालच्या पिनपर्यंत लिव्हर ९०० मिमी असेल तर वरच्या दोन पिनांमधलं अंतर सुमारे १११ मिमी. फक्त १११. या पिनच्या भोकात एक मिमीची झीज झाली तर ती थेट लीडमध्ये दिसते, आणि मुळात लीडच ६ मिमी आहे.

व्हॉल्व्हचा अर्धा प्रवास ८० मिमी. दोन्ही हालचाली एकमेकींना काटकोनात आहेत, म्हणून लिंककडून येणारा भाग ८० चा वर्ग वजा ४४ चा वर्ग, याचं वर्गमूळ: जवळजवळ ६७ मिमी. यावरून पूर्ण गिअरमध्ये कट-ऑफ ७४ टक्के येतो आणि पोर्ट जास्तीत जास्त ४२ मिमी उघडतो.

आता डाय ब्लॉक निम्म्यावर आणा. लिंकचा भाग ३३ वर येतो, पण कट-ऑफ ७४ च्या निम्मा होत नाही, ४५ टक्के येतो. ब्लॉक एक-तृतीयांशावर आणा: कट-ऑफ ३० टक्के, पोर्टची उघडीक जेमतेम ११ मिमी. ब्लॉक अगदी मध्यावर आणला तरी कट-ऑफ शून्य होत नाही. ४४ मिमीचा डोल चालूच असतो, पोर्ट लीडइतका ६ मिमी उघडतो आणि वाफ ७ टक्क्यांवर तुटते. म्हणूनच मिड गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन ‘बंद’ आहे असं कधीही समजू नका. रेग्युलेटर (बॉयलरमधून सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) गळत असेल तर ते हलू शकतं. खाली शिरण्याआधी ब्रेक, चाकांना दोन्हीकडून ओंडके, सिलिंडर कॉक (सिलिंडरच्या तळाच्या निचऱ्याच्या तोट्या) उघडे, आणि फुटप्लेटवर (ड्रायव्हरच्या जागी) माणूस उभा असेल तर त्याला तोंडाने सांगून. पिनची भोकं जुळली का हे बोट घालून बघण्याची सवय तर पहिल्याच दिवशी मोडा; त्यासाठी ड्रिफ्ट, म्हणजे निमुळता पोलादी गज, असतो.

३० टक्क्यांवरचे ते ११ मिमी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. लॅप ३८ ऐवजी २५ असता आणि कट-ऑफ तोच ३० ठेवला असता, तर उघडीक ९ मिमीच्या आत आली असती. एक्झॉस्टच्या बाजूने तर व्हॉल्व्ह ४९ ऐवजी ३४ मिमीच सरकला असता. म्हणजे वापरलेली वाफ बाहेर पडताना गुदमरते आणि पिस्टनला मागून अडवते. इंग्लंडमध्ये १९२५ च्या इंजिन-अदलाबदलीत ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कॅसल वर्गाच्या इंजिनांनी एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) या दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या पॅसिफिक इंजिनांपेक्षा कमी कोळसा खाल्ला. त्यानंतर एलएनईआरचा मुख्य मेकॅनिकल इंजिनिअर ग्रेसलीने आपल्या इंजिनांना लांब प्रवासाचे व्हॉल्व्ह लावले. बॉयलर मोठा म्हणजे इंजिन चांगलं, हा समज अजूनही चिवट आहे. व्हॉल्व्हकडे बघायला फार थोडे जण जातात.

एक्झॉस्टची कड पोर्टशी नेमकी जुळती धरली तर ३० टक्के कट-ऑफला वाफ ७३ टक्क्यांवर सुटते. परतीच्या धावेत पोर्ट ७३ टक्क्यांवर मिटतो आणि उरलेल्या २७ टक्क्यांत अडकलेली वाफ दाबली जाते. ती उशी पिस्टनला शांतपणे थांबवते. कट-ऑफ फारच कमी केला की ही दाबणी इतकी वाढते की इंजिन स्वतःलाच ब्रेक लावतं आणि रॉड ठोकायला लागतात.

पुठ्ठ्याचं मॉडेल

वर्गात दहा तास बसून जे कळत नाही ते एका संध्याकाळी पुठ्ठ्यावर कळतं. एकास पाच प्रमाण घ्या. जाड पुठ्ठ्याची चकती. मध्यापासून ७१ मिमीवर क्रँकचं भोक, ३४ मिमीवर रिटर्न क्रँकचं भोक, दोन्हींमध्ये ९० अंश. कनेक्टिंग रॉड ५८० मिमी. कॉम्बिनेशन लिव्हर १८० मिमी, माथ्याच्या पिनखाली २२ मिमीवर व्हॉल्व्हची पिन. लिंकच्या खुंटीपासून पायाच्या पिनपर्यंत ८० मिमी, डाय ब्लॉकची हालचाल खुंटीच्या दोन्हीकडे ३६ मिमी. रेडियस रॉड २४० मिमी, आणि लिंकच्या खाचेची वक्रता त्याच त्रिज्येची, म्हणजे पुन्हा २४० मिमी. या दोन आकड्यांत तडजोड नको.

लिंकचा पाय चाकाच्या मध्याच्या पातळीत क्वचितच असतो, थोडा वर असतो. तेव्हा रिटर्न क्रँकचे ९० अंश आडव्या रेषेपासून न मोजता चाकाचा मध्य आणि मधोमध उभ्या असलेल्या लिंकचा पाय यांना जोडणाऱ्या रेषेपासून मोजायचे. इथे दोन-चार अंशांचा फरक पडतो. तो विसरला तर मॉडेल पुढे एक आणि मागे एक वागतं.

मॉडेल तयार झालं की क्रँक पुढच्या डेड सेंटरला आणा आणि डाय ब्लॉक वरून खाली, खालून वर फिरवा. व्हॉल्व्ह जागचा हलता कामा नये. रेडियस रॉडचं दुसरं टोक केंद्र आणि लिंकची खाच त्याच्याभोवतीचं वर्तुळ, म्हणून ब्लॉक कुठेही गेला तरी ते टोक तिथेच राहतं. खऱ्या इंजिनावर सेटिंगचं सगळ्यात मोठं हत्यार हेच आहे.

सेटिंग

मोजमापाआधी इंजिन कामाच्या वजनात आणा: बॉयलरमध्ये नेहमीइतकं पाणी, स्प्रिंगांवर नीट बसलेलं, अॅक्सल बॉक्सचे वेज घट्ट. नंतर प्रत्येक पिन आणि बुश हाताने व पहारीने हलवून ढिलाई बघा. डाय ब्लॉकमध्ये एक मिमी, रिटर्न क्रँकच्या बुशमध्ये अर्धा, युनियन लिंकमध्ये अर्धा, असं करत दोन मिमी सहज जमतात. हे दोन मिमी म्हणजे लीडचा तिसरा हिस्सा. ढिल्या गिअरवर केलेलं सेटिंग वाया जातं, आधी बुश बदला.

डेड सेंटर डोळ्याने ठरवू नका. टोकाजवळ क्रँक ५ अंश फिरला तरी क्रॉसहेड सव्वा ते दीड मिमीच सरकतो, त्यामुळे ‘थांबला’ असं वाटतं ते खरं नसतं. पद्धत अशी: क्रॉसहेड टोकापासून १०-१५ मिमी अलीकडे असताना त्याची आणि तो ज्यावर सरकतो त्या स्लाइड बारची एकत्र रेघ मारा. त्याच क्षणी फ्रेमवरच्या सेंटर पंचच्या खुणेत ट्रॅमचं एक टोक ठेवून दुसऱ्या टोकाने चाकाच्या टायरवर खडू लावून रेघ ओढा. ट्रॅम म्हणजे दोन्ही टोकं टोकदार करून वाकवलेला पोलादी गज. आता चाक डेड सेंटरच्या पलीकडे न्या, क्रॉसहेड परत त्या रेघेवर येऊ द्या, टायरवर दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये पंच मारा. ती खूण ट्रॅमखाली आली की डेड सेंटर. चाक नेहमी एकाच दिशेने खुणेवर आणायचं. पुढे गेलं तर चांगलं हातभर मागे घेऊन पुन्हा यायचं, नाहीतर पिनांची ढिलाई मोजमापात शिरते. उजवी-डावी, पुढे-मागे, अशा चार खुणा.

मग पोर्टच्या खुणा. इनसाइड अॅडमिशनमध्ये वाफेच्या कडा आत लपलेल्या असतात. म्हणून व्हॉल्व्ह बाहेर असतानाच लायनरच्या तोंडापासून पोर्टच्या कडा आणि व्हॉल्व्हवरच्या कडांमधलं अंतर पट्टीने मोजून ठेवा. व्हॉल्व्ह आत घातल्यावर पुढचा पोर्ट नेमका उघडायच्या बेतात असताना स्पिंडलवर छोट्या ट्रॅमने एक खूण, मागच्यासाठी दुसरी. दोन खुणांमधलं अंतर पुढचा आणि मागचा लॅप मिळून, आपल्या उदाहरणात ७६ मिमी. तेवढं आलं नाही तर पुढे जाऊ नका. व्हॉल्व्हच्या डोक्यांवरच्या वाफ अडवणाऱ्या रिंगा किंवा डोकीच चुकीची बसली आहेत.

आता पुढच्या डेड सेंटरला थांबा आणि रिव्हर्सर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. स्पिंडल हलला का? मागच्या डेड सेंटरला तेच करा. हलत असेल तर लिंक मधोमध उभी नाही, म्हणजे दोष दुसऱ्या हालचालीत आहे. कुठे, हेही लगेच कळतं. दोन्ही डेड सेंटरला लिंकचा पाय एकाच बाजूला चुकलेला असेल तर एक्सेंट्रिक रॉडची लांबी चुकली. पुढच्याला एकीकडे आणि मागच्याला दुसरीकडे चुकत असेल तर रिटर्न क्रँकचा कोन चुकला. दोन्ही मिसळलेलं असेल तर सरासरी रॉडची आणि उरलेला फरक क्रँकचा. रिटर्न क्रँक पिनवर फिरवून नव्या चावीने बसवतात. रॉड तापवून लांब-आखूड करणं भट्टीवाल्याचं काम, ते फिटरने हातोड्याने करू नये.

हे निस्तरल्यावरच लीडला हात लावा. चारही डेड सेंटरला स्पिंडलवरच्या खुणेपासून लीड मोजा. समजा उजवीकडे पुढे ८ आणि मागे ४ मिमी आलं. बेरीज १२, निम्मे ६. म्हणजे कॉम्बिनेशन लिव्हर ठीक, व्हॉल्व्ह २ मिमी पुढे बसला आहे. स्पिंडलवरची नट किंवा शिम बदलून तो २ मिमी मागे घ्या. दोन्हीकडे ४ आलं तर सरकवून काही होणार नाही. लिव्हरच्या पिना, युनियन लिंक किंवा लॅपच बघावा लागेल. पुढचं-मागचं लीड अर्ध्या मिमीच्या आत जुळलं तर काम छान झालं. थंड इंजिनावर मोजताना स्पिंडल तापून लांबतो हे विसरू नका: पोलाद मीटरला दर अंशाला ०.०१२ मिमी वाढतं, म्हणजे मीटरभर स्पिंडल २०० अंशांनी तापला तर २.४ मिमी. सिलिंडरही तापतो, त्यामुळे निव्वळ फरक कमी असतो. ड्रॉइंगवर जितकी सूट दिली आहे तितकीच द्या, अंदाजाने नको.

पुढचा आणि मागचा कट-ऑफ तंतोतंत सारखा येत नाही म्हणून निराश होऊ नका. कनेक्टिंग रॉड तिरकी होते. २.९ मीटरची रॉड धरली तर क्रँक ९० अंशावर असताना पिस्टन मध्यापासून सुमारे २२ मिमी मागे असतो. पुढच्या डेड सेंटरपासून पाव फेऱ्यात धावेचा ५३ टक्के भाग संपतो आणि पुढच्या टोकाचा कट-ऑफ उशिरा येतो. एक्सेंट्रिक रॉडची पिन लिंकच्या कमानीमागे थोडी सरकवून डिझाइनर हा फरक बराच मारतात. उरलेला सोसायचा, तो मारायला लीड बिघडवणं हा उतावळेपणा.

कानाने आणि कॉकने

दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून वाफ सुटण्याचे चार ठोके देतं. डब्ल्यूपीचं चाक ६७ इंची, परीघ सुमारे ५.३५ मीटर, माणूस चालतो त्या वेगाला, ताशी ५ किमीला, सेकंदाला साधारण एक ठोका. ऐकायचं ते याच वेगाला, वजन ओढत असताना. टायरवर चार ठिकाणी खडूने आकडे लिहा आणि एकाने बाजूने चालत कुठला ठोका हलका ते सांगायचं. इंजिन लंगडत असेल तर मागेही चालवून बघा. सिलिंडरचं तेच टोक दोन्ही दिशांना जड असेल तर व्हॉल्व्ह स्पिंडलवर सरकलेला आहे. उलट्या दिशेला जडपणा दुसऱ्या टोकाकडे गेला तर एक्सेंट्रिक रॉडची लांबी. कारण उघड आहे: स्पिंडलची चूक रिव्हर्सरच्या आधीन नाही, लिंकमधून आलेली चूक मात्र डाय ब्लॉक खुंटीच्या वर गेला की उलटते. आपल्या आकड्यांत रॉड ३ मिमी लांब असेल तर पूर्ण गिअरला व्हॉल्व्ह जवळजवळ सव्वा मिमी सरकतो, मिड गिअरला शून्य.

धुराड्यातून ठोक्यांमध्येही सतत सूं आवाज येत असेल तर रिंगा गळतात. कुठल्या, ते असं शोधा. संशयित बाजूचा क्रँक वर किंवा खाली उभा आणा, ब्रेक घट्ट, रिव्हर्सर मध्यावर, सिलिंडर कॉक उघडे, रेग्युलेटर किंचित. व्हॉल्व्ह मधोमध आहे, दोन्ही पोर्ट झाकलेले आहेत. त्या बाजूच्या कॉकमधून वाफ आली तर व्हॉल्व्हच्या रिंगा. कोरडे राहिले तर रिव्हर्सर पूर्ण पुढे. क्रँक खाली असेल तर पुढचा पोर्ट उघडतो, वर असेल तर मागचा; आता दुसऱ्या टोकाच्या कॉकमधूनही वाफ आली तर पिस्टनच्या रिंगा. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि झाकणं उघडण्याचे दोन दिवस वाचवते.

रिंगा लवकर का जातात याचं उत्तर बऱ्याचदा फुटप्लेटवर असतं. उतारावर रेग्युलेटर बंद करून ड्रायव्हरने कट-ऑफ २० टक्क्यांवरच ठेवला तर सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते, स्मोकबॉक्समधली गरम राखाडी हवा ब्लास्ट पाइपमधून आत ओढली जाते, तेल जळून रिंगांच्या खाचेत कोळशासारखं घट्ट बसतं. म्हणून वाफ बंद करून धावताना रिव्हर्सर निम्म्याच्या पुढे सोडतात, ल्युब्रिकेटर चालू ठेवतात आणि शक्य तिथे रेग्युलेटर चिमूटभर उघडा ठेवतात. रिंग काढल्यावर खाचेत काळा कडक थर दिसला तर नुसती नवी रिंग घालून इंजिन परत देऊ नका.

एका बाजूचं गिअर वाटेत तुटलं, समजा युनियन लिंकची पिन गेली, तर त्या बाजूची एक्सेंट्रिक रॉड उतरवतात, रेडियस रॉड बांधून ठेवतात, व्हॉल्व्ह मधोमध आणून स्पिंडल जखडतात, त्या बाजूचे कॉक उघडे ठेवतात आणि दुसऱ्या बाजूवर इंजिन आणतात. थांबताना चालू बाजू डेड सेंटरला येणार नाही हे बघायचं, नाहीतर पुन्हा सुटणं पहारीवर.

सेटिंग झाल्यावर वहीत चार लीड, चार पोर्टच्या खुणांची अंतरं, रिव्हर्सरच्या प्रत्येक खाचेला चारही टोकांचा कट-ऑफ आणि मोजताना इंजिन थंड होतं की गरम, एवढं लिहा. पहिल्या गरम फेरीनंतर, गिअर अजून हाताला चटका देत असताना, फक्त लीड पुन्हा मोजा. थंड आणि गरम आकड्यांमधला फरक त्याच पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्या इंजिनाला किती सूट द्यायची ते त्यावरून ठरतं.